ग्राउंडचे 50 मार्क

2024 च्या पोलीस भरतीत मी शिपाई पदासाठी ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, दिलं. निवड झाली, मेडिकल झालं, आता प्रशिक्षणाच्या पत्राची वाट बघतेय. तेव्हापासून भरतीची तयारी करून घेणाऱ्या आमच्या अकादमीतल्या नवीन मुली, चुलत बहिणीच्या मैत्रिणी, कुणाकुणाच्या आया विचारत असतात, "ग्राउंडला नेमकं काय करायला लावतात?" प्रत्येकीला फोनवर सांगताना अर्धं राहून जातं, म्हणून इथे सगळं लिहून काढते. मुलांचं ग्राउंड वेगळं असतं, 1600 मीटर आणि 7.26 किलोचा गोळा. त्यावर मी बोलणार नाही.

आधी हिशोब समजून घ्या, कारण बऱ्याच मुली तो न बघताच धावायला लागतात. ग्राउंड 50 मार्कांचं. 800 मीटर धावणे 20, 100 मीटर 15, गोळाफेक 15. ग्राउंडला निम्मे मार्क लागतातच, पण तेवढ्यावर भागत नाही. ग्राउंडच्या गुणवत्ता यादीतून, तुमच्या प्रवर्गात जितक्या जागा त्याच्या साधारण दहापट उमेदवार लेखीला बोलावतात. म्हणजे 25 मिळवून पास झालात तरी लेखीचा पेपर हातात येईलच असं नाही.

800 मीटर 2 मिनिटं 50 सेकंदांत आलं की पैकीच्या पैकी, पुढे दर 10 सेकंदांना 2 मार्क जातात. 100 मीटर 14 सेकंदांत आलं तर 15, पंधराव्या सेकंदाला गेलं की 12. गोळा 6 मीटरला पडला की 15, साडेपाच ते सहाच्या मध्ये पडला तर 12. आता हे नीट बघा. गोळ्यातल्या शेवटच्या वीतभर अंतराला 3 मार्क आहेत. तेच 3 मार्क 800 मधून काढायचे तर दहा सेकंदांपेक्षा जास्त कमी करावे लागतात, आणि ज्यांनी दहा सेकंद कमी केलेत त्यांना विचारा किती महिने लागले. तरी सगळ्या अकादम्यांमध्ये पहाटे उठून मुली नुसत्या पळत असतात. गोळा आठवड्यातून एकदा, तोही सर आठवण करतील तेव्हा.

फॉर्म मार्चमध्ये सुटले. 5 मार्चला सुरुवात झाली, शेवटची तारीख 31 मार्च होती ती पुढे 15 एप्रिल केली. फी मागासवर्गीयांना 350, खुल्या प्रवर्गाला 450. मी बार्शीत नेट कॅफेत भरला, त्याचे त्याने वेगळे 100 घेतले. फॉर्म भरायला पाऊण तास लागला, पण त्याआधीची कागदं गोळा करायला खूप धावपळ झाली. बारावीचं मार्कलिस्ट, डोमिसाईल, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर. यातलं नॉन क्रिमीलेअर फार रडवतं. त्याला मुदत असते, आणि भरती निघाली की सेतूत एकच झुंबड उडते. सर्व्हर चालत नाही, साहेबांची सही बाकी असते, "उद्या या" हे ठरलेलं. माझं फेब्रुवारीतच काढलेलं होतं, कारण आमच्या सरांनी जाहिरात निघायच्या आधीच सगळ्यांच्या मागे लागून ते काढायला लावलं होतं. दाखल्यावरचं नाव, दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवून बघा. "सुरेश" आणि "सुरेशराव" एवढ्या फरकावरूनही टेबलवर बसलेला माणूस मान वर करून बघतो.

दुसरा डोकं खाणारा प्रश्न म्हणजे घटक कुठला निवडायचा. एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो. म्हणजे शिपाई पदासाठी एकच जिल्हा किंवा एकच शहर आयुक्तालय. मुली सांगोवांगीवर जातात, अमक्या शहरात जागा जास्त, तमक्या जिल्ह्यात मेरिट कमी. जागा जास्त असतात तिथे अर्जही तसेच पडतात. जाहिरातीत आपल्या प्रवर्गाच्या ओळीत महिलांच्या किती जागा आहेत, तेवढंच मी बघितलं, आणि मागच्या भरतीचं त्या घटकाचं कट ऑफ काढलं. बाकी अंदाज होता, तो बरोबर निघाला इतकंच.

एप्रिल-मे म्हणजे आमच्याकडे ऊन मी म्हणत असतं. सकाळी आठनंतर मैदानावर उभं राहता येत नाही. म्हणून पावणेपाचला मैदानावर आणि साडेसातला घरी. अकादमीची फी महिन्याला दीड हजार, त्यात लेखीचे तासही होते. बूट 1400 चे घेतले. 4 किलोचा गोळा साडेसहाशेला मिळाला, तो पप्पांनी सोलापूरहून आणला. पोत्यात घालून आणला, कारण एसटीत कंडक्टर विचारणार हे काय म्हणून.

800 मीटरचं एक सांगते. 400 मीटरच्या ट्रॅकला दोन चकरा. 2 मिनिटं 50 म्हणजे चकरेला 85 सेकंद. बहुतेक मुली पहिली चक्कर पंच्याहत्तरमध्ये मारतात, कारण सगळा घोळका जोरात सुटतो आणि मागे पडायची भीती वाटते. दुसऱ्या चकरेत पाय दगड होतात. सरांनी आमच्याकडून 400 मीटर मारून घेतले, मध्ये तीन मिनिटं थांबायचं, परत 400, आणि प्रत्येक वेळी घड्याळ आमच्याच हातात. सरांनी 88 सेकंद सांगितले म्हणजे 88, त्याहून लवकर आलीस तरी ओरडा. तेव्हा राग यायचा. पण ग्राउंडच्या दिवशी शेजारून मुली सुसाट गेल्या तेव्हा मला आतून कळत होतं की मी माझ्या वेगाने चालले आहे. 100 मीटरला मी शेवटपर्यंत साधारणच राहिले. त्याला मुळात पायात वेग लागतो, सुरुवात सुधारून अर्धा सेकंद निघतो फार तर.

गोळा मात्र शिकता येतो. मी सुरू केलं तेव्हा साडेचारच्या आसपास पडायचा. मुली तो चेंडूसारखा फेकायला जातात, त्याने खांदा दुखतो आणि गोळा पुढे जात नाही. गोळा तळहातावर ठेवायचा नाही, बोटांच्या मुळाशी ठेवायचा आणि मानेला, हनुवटीच्या खाली, टेकवायचा. कोपर खाली पडू द्यायचं नाही. ज्या दिशेला फेकायचं तिकडे डावा खांदा करून उभं राहायचं, सगळं वजन मागच्या उजव्या पायावर, गुडघा वाकवून. मग मागच्या पायाने जमीन ढकलायची, कंबर फिरते, छाती समोर येते आणि हात सगळ्यात शेवटी. सर म्हणायचे, "पोरींनो, गोळा हातानं नाय, पायानं फेकायचा असतो." हे वाक्य ऐकून सगळ्या हसायच्या. मला ते पटलं तेव्हा सर हात पाठीमागे धरून उभे होते आणि मला म्हणाले होते, "आता माझ्याकडं बघ," आणि त्यांनी नुसती कंबर फिरवून दाखवली. त्या दिवसापासून गोळा पाचच्या पुढे पडायला लागला.

दोन गोष्टी आणखी. गोळा थोडा वर सोडायचा, समोरच्या मुलीच्या डोक्यावरून जाईल असा. सरळ आडवा ढकलला तर लगेच जमिनीवर येतो. आणि फेकल्यावर पुढे तोल जातो, पाय रेषेच्या बाहेर पडतो, फाऊल. म्हणून सोडल्या सोडल्या पाय बदलायचा, उजवा पुढे, डावा मागे. सरावातसुद्धा चुन्याची रेघ मारून घ्या. रेघेशिवाय साडेसहा मीटर टाकणाऱ्या मुली मी ग्राउंडला तिन्ही फाऊल करताना बघितल्या.

ग्राउंड 19 जूनपासून सुरू झाले, म्हणजे ऐन पावसात. माझ्या हॉल तिकिटावर 27 जून होती, पहाटे पाचला हजर. मी आणि अकादमीतल्या दोघी आदल्या दिवशी दुपारच्या एसटीने निघालो. महिलांना अर्धं तिकीट असल्यामुळे प्रवासाचा खर्च फारसा नाही. लॉजच्या खोलीचे 900, तिघींत 300. रात्री दहाला जेवून आलो, पाऊस धो धो. साडेअकराला मोबाईलवर मेसेज, मैदानात पाणी साचल्यामुळे उद्याची चाचणी रद्द, नवीन तारीख कळवू. इतक्या रात्री. आमचं निदान डोक्यावर छप्पर होतं. स्टँडवर, दुकानांच्या फळ्यांवर, पुलाखाली झोपलेली मुलं होती, त्यांच्या आयाबापांसकट. सकाळी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना मेसेज मिळालाच नव्हता, ती गेटवर जाऊन परत आली. पावसाळ्यात ग्राउंड घ्यायचं तर हा निर्णय दुपारपर्यंत घेता आला असता असं माझं मत आहे. नवीन तारीख 6 जुलै मिळाली.

त्या मधल्या दिवसांत मी जोरात सराव केला नाही, सरांनी करूच दिला नाही. हलकं धावणं आणि गोळ्याची नुसती पोझ. त्याच सुमारास एका भरतीत धावताना मुलगा कोसळून गेल्याची बातमी आली. आई घाबरली, म्हणाली, "नको जाऊस, शिवण क्लास लाव." पप्पा काही बोलले नाहीत, पण रात्री विचारलं, "छातीत दुखत तर नाय ना कधी?" मी सरकारी दवाखान्यात जाऊन बीपी आणि हिमोग्लोबिन तपासून आले. हिमोग्लोबिन 10 च्या आत होतं, गोळ्या सुरू केल्या. हे मुलींनी सराव सुरू करतानाच करून घ्यावं, ग्राउंड आठ दिवसांवर आल्यावर गोळ्यांचा उपयोग नाही. मैदानाबाहेर "ताकदीचं इंजेक्शन" देणारे लोक असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. रिकाम्या पोटी आणि तहानलेल्या अवस्थेत धावणंही तितकंच वाईट. बऱ्याच मुली अंग हलकं राहावं म्हणून आदल्या रात्रीपासून खात नाहीत.

पाळीबद्दल कुणी उघड बोलत नाही म्हणून लिहिते. तारीख बदलली आणि माझी पाळी नेमकी त्याच दिवसांत येणार होती. ओळखीच्या एका मुलीने मेडिकल दुकानातून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आपल्याच मनाने घेतल्या, तिला ग्राउंडला मळमळ आणि चक्कर. मी डॉक्टर मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, इतके दिवस सरावात पाळीतही धावली आहेस तर तशीच जा. तशीच गेले, दुसरा दिवस होता. गडद रंगाची ट्रॅक पँट, जादा पॅड, एक जादा चड्डी पिशवीत. महिला पोलीस मॅडमना सांगितलं की बाथरूमला जाऊ देतात.

6 जुलै. साडेतीनला उठले, दोन केळी, थोडे शेंगदाण्याचे लाडू, पाणी. गेटवर साडेचारला रांग होती. मोबाईल आत नेऊ देत नाहीत, तो सोबतच्या माणसाकडे द्यावा लागतो. एकटी जात असाल तर त्याची सोय आधी बघून ठेवा. गेटवरचे टपरीवाले मोबाईल सांभाळायचे 20 रुपये घेत होते. हॉल तिकिटाच्या दोन प्रती, मूळ आधार, फोटो, सगळ्या मूळ कागदांची फाईल आणि झेरॉक्सचा वेगळा संच. फाईल मी मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली होती. पाऊस भुरभुरत होता, कित्येकींच्या दाखल्यांची शाई फुटली.

आत गेल्यावर अंगठा, फोटो, मग उंची. मुलींना 155 सेंटिमीटर लागते, अनवाणी. मॅडमनी प्रत्येकीच्या केसांतून हात फिरवून बघितलं, अंबाडा वर बांधलाय का, आत काही घातलंय का. माझ्या पुढची मुलगी जरा कमी भरली. तिने तिथेच अर्ज लिहून अपील केलं, वेगळ्या टेबलवर परत मोजलं, तेव्हा बसली. लक्षात ठेवा, काहीही हरकत असेल तर त्याच दिवशी, मैदान सोडायच्या आधी, लेखी द्यायची. गेटबाहेर आल्यावर कुणी ऐकत नाही. आणि सकाळी उंची थोडी जास्त भरते, संध्याकाळी कमी, त्यामुळे काठावर असाल तर रात्रभर स्टँडवर बसून राहू नका, आडवं व्हा.

मग चेस्ट नंबर मिळाला, आणि पायाला बांधायची, धावण्याची वेळ मोजणारी चिप. त्यानंतर नुसतं थांबणं. साडेपाचला आत गेलेली मी साडेनऊला पहिल्यांदा धावले. चार तास ओल्या गवतावर बसून अंग गार पडतं. मी जर्किन नेलं होतं आणि दर वीस मिनिटांनी उठून हात-पाय हलवत होते. शेजारची म्हणाली, "दमशील गं." मुली इथे मार्क घालवतात, बसून बसून पाय आखडतात आणि नाव पुकारल्यावर तसंच पळत सुटतात.

आमच्याकडे आधी 100 मीटर झालं. मैदानात चिखल होता, आतल्या दोन लेन जास्त खराब. बूट घसरत होते म्हणून काही जणी अनवाणी धावल्या, मी बुटातच. 15.4 सेकंद, 10 मार्क. जितकं अपेक्षित होतं तितकं.

मग गोळा. तीन संधी. गोळा आधीच्या मुलीच्या फेकीनंतर चिखलात पडलेला, एक शिपाई तो पोत्याच्या फडक्याने पुसून देत होता, पण ओला राहायचाच. मी कमरेला छोटा टॉवेल खोचला होता, हात आणि मान दोन्ही कोरडं केलं. मान पुसायचं कुणाच्या लक्षात येत नाही. ओल्या मानेवरून गोळा सटकतो आणि कोपर खाली जातं. पहिला 5.62. आधी एक सुरक्षित टाकायचा असं ठरवलं होतं, रेषेपासून अर्धा फूट मागे उभं राहून. 12 मार्क हातात आले. दुसरा जरा पुढे सरकून टाकला, फाऊल, बुटाचं टोक रेषेवर. लाल झेंडी वर गेली. तिसऱ्याच्या वेळी मॅडम म्हणाल्या, "सावकाश बाळा, घाई कुणाला नाही." टेप धरणाऱ्याने 6.08 म्हणून सांगितलं, लिहिणाऱ्याने परत विचारलं, त्याने परत सांगितलं. 15.

800 मीटर शेवटी, पावणेअकराला. मैदान अगदीच खराब म्हणून बाजूच्या डांबरी रस्त्यावर आखून घेतलं होतं, जाऊन परत यायचं. म्हणजे ट्रॅकवरच्या चकरा गेल्या, खुणा गेल्या. घड्याळ घालू देत नव्हते. मी दम आणि पावलं यांच्यावरून अंदाज धरला. वळायच्या ठिकाणी सगळ्या एकदम आल्या, ढकलाढकली झाली, दोघी पडल्या. वळताना बाहेरून जा, दोन पावलं जास्त पडतात पण कुणाच्या पायात पाय अडकत नाही. येताना थोडा चढ होता. 3 मिनिटं 4 सेकंद, 16 मार्क. शेवटची रेषा ओलांडल्यावर लगेच खाली बसू देत नाहीत, चालायला लावतात, ते बरंच.

41. एका कागदावर तिन्ही प्रकारांची वेळ, अंतर आणि मार्क लिहिलेले होते, तो वाचून सही करायची. मी तिन्ही आकडे दोनदा वाचले. मागे उभी असलेली मुलगी न वाचता सही करत होती, तिला थांबवलं.

लेखीसाठी नाव लागलं. लेखी 100 मार्कांची, 90 मिनिटं, गणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण आणि सामान्य ज्ञान. चुकलेल्या उत्तराला मार्क कापत नाहीत, म्हणून एकही गोल रिकामा सोडू नका. 40 टक्के तरी लागतातच. ग्राउंड झाल्यावर अभ्यासाला बसू म्हणणाऱ्यांना नंतर वेळ पुरत नाही, आमच्याकडे दोन्ही जोडीनेच चालू होतं. निवड यादीनंतर कागदपत्रांची मूळ तपासणी, मेडिकल, चारित्र्य पडताळणी. पडताळणीला आमच्या गावात पोलीस पाटलांकडे चौकशी झाली, आईने त्यांना चहा दिला आणि अख्ख्या आळीला कळलं.

एकूण खर्च अकादमीची फी, बूट, गोळा, कागदं, दोनदा प्रवास आणि लॉज धरून बारा-तेरा हजारांच्या घरात गेला. गोळा अजून घरी आहे, दाराला अडसर म्हणून ठेवलाय. बार्शी भागातल्या कुणा मुलीला सरावाला हवा असेल तर सांगा, भरती संपल्यावर परत आणून द्या म्हणजे झालं.